डोहाचा वाटा

डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा आमच्या ह्यांना सगळ्यात आधी मी दिसले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "अगं, तू लईच म्हातारी झालीस की."

"तुम्ही आधी आरसा बघा," मी म्हटलं.

लेक हसली, नर्सबाई हसल्या, मीही हसले. पण सहा-सात वर्षांनी ह्या माणसाला पुन्हा नीट दिसायला लागलं होतं. मी दिसले, त्याचं काही नाही. आता नदी दिसणार होती. आणि मी त्यांना रोज सकाळी जी नदी सांगत आले होते, ती कुठंच नव्हती.

असं खोटं मी का बोलत होते हे कळायचं तर आधी डोहाचा वाटा काय असतो ते सांगायला हवं.

माझं माहेर केंदूर. आम्ही भोईच, पण वडिलांची चणे-फुटाण्यांची भट्टी होती, त्यामुळं पाण्याशी आमचा संबंध घागरीपुरता. लग्न होऊन ज्या गावात आले ते दौंडच्या अलीकडं, घोड नदी भीमेला येऊन मिळते त्याच्याजवळ. मिळाल्या मिळाल्या दोन्ही पाणी एक होत नाही. घोडेचं मातकट, भीमेचं हिरवं, बराच वेळ शेजारी शेजारी चालतं, अबोला धरलेल्या दोन जावांसारखं. खाली आमच्या डोहात उतरलं की मग मिसळतं. अशा दोन पाण्यांच्या जागी मासा जमतो. सासरे म्हणायचे, सगळ्या नदीचा बाजार इथं भरतो.

त्या वेळची मी आठवली की आता लाज कमी वाटते, हसू जास्त येतं. नाकात नवी चमकी, डोक्यावरून घट्ट पदर, आणि शिवडा मासा दिसला तर त्याला वांब म्हणायची. एकदा शिंगट्याला मिशा धरून उचलायला गेली आणि काटा लागून हात तीन दिवस सुपाएवढा झाला. वर तोरा असा, की आपण सातवी पास आहोत, तेव्हा नदीनंही आपल्याशी जरा अदबीनं वागावं.

सकाळी जाळी ओढली की काठावर पोतं अंथरून वाटे पडायचे. एक होडीचा, एक जाळ्याचा, मग हात लावलेल्या प्रत्येक माणसाचा, आणि शेवटचा डोहाचा. डोहाच्या वाट्यात प्रत्येक जातीचा एक मासा, जिवंत, पाणी भरलेल्या घमेल्यात. तो परत सोडायचा. सोडायचं काम घरातल्या बाईचं, आणि सोडताना एकेकाचं नाव घ्यायचं. मरळ. शिवडा. शिंगटा. कानस. आंबळी. वांब. नाव ऐकलं की मासा आपल्या माणसांत जातो आणि त्याची जात डोहातून हलत नाही, असं सासूबाई सांगायच्या. ज्याला नाव, त्याला वाटा. एवढीच रीत. लिहून ठेवण्यासारखं त्यात काही आहे असं तेव्हा कुणाला वाटलं नाही.

वांबीचं, त्या सापासारख्या लांबड्या माशाचं, मात्र सासरे वेगळंच सांगायचे. ती इथली नव्हेच म्हणायचे. पार पूर्वेला, जिथं नदी समुद्राला मिळते आणि गोड पाणी खारं होतं, त्या तोंडातून तिची दोऱ्याएवढी पिल्लं आत शिरतात. कैक वर्षं पाणी कापत वर वर चढतात, आमच्या डोहात येऊन मोठी होतात, आणि म्हातारपणी अंडी घालायला पुन्हा समुद्राकडं निघतात. सातवी पास सूनबाईंना हे ऐकून इतकं हसू आलं की तव्यावरची भाकरी करपली.

"मामंजी, तिला वाटंत एखादी गाडी मिळत न्हाई व्हय?"

सासरे रागावले नाहीत. म्हणाले, "तू केंदुरावरनं गाडीत बसून आलीस ना पोरी, म्हणून तुला खरं वाटत न्हाई."

मग खाली मोठं धरण झालं. ते भरलं की त्याचा फुगवटा वर सरकत सरकत आमच्याजवळ येऊन टेकायचा आणि वाहती नदी उभी राहायची. पहिली काही वर्षं मासा वाढला. गावात नव्या सायकली दिसल्या. फक्त वांब कमी कमी होत गेली. एका वर्षी दोन, पुढच्या वर्षी एक, मग घमेल्यात तिची जागा रिकामी. सासरे रोज घमेल्यात डोकवायचे. "तिची वाट बंद झाली," एवढंच एकदा म्हणाले. मी मनात म्हटलं, एक मासा कमी झाला तर काय बिघडलं. आता वाटतं, तिकडं खाऱ्या-गोड्या पाण्याच्या तोंडाशीही कुणीतरी आपलं जाळं बघून म्हणत असेल, वरून म्हातारी वांब यायची ती येईनाशी झाली. आम्ही दोघं एकमेकांना कधी भेटणार नाही. पण दोघांच्याही जाळ्यातलं भोक तेच.

आता माझा पराक्रम सांगते.

लग्नाला पंधराएक वर्षं झाली असतील. एका सकाळी जाळ्यात कुणी न पाहिलेला मासा आला. चपटा, अंगावर काळपट पट्टे, पाठीवरचे काटे उभे करून आमच्याकडं बघणारा. सासऱ्यांनी तो उलटासुलटा केला.

"ह्याला नाव न्हाई. नाव न्हाई त्याला वाटा न्हाई. टाका वर, बगळं खात्याल."

त्याच दिवशी सकाळी सासूबाई मला म्हणाल्या होत्या, "पंधरा वरसं झाली, तरी केंदूरवालीच्या कालवणाला पाण्याची चव काय येत न्हाई." ते डोक्यात घुमत होतं. पोत्याच्या कडेला तो मासा पडला होता, तोंड उघडत होता, मिटत होता. मला वाटलं, ही मीच. परक्या ठिकाणची, कुणी नाव घेईना. आता त्या बाईला सांगावंसं वाटतं, अगं शहाणे, तुला कुणी बगळ्यांपुढं टाकलं नव्हतं, नवी लुगडी घेऊन दिली होती. पण दोन लेकरांची आई झाली तरी तिचं स्वतःच्या दुःखावर फार प्रेम होतं.

मी तो मासा पदराखाली घेतला आणि घमेल्यात बाकीच्यांच्या तळाशी ठेवला. घाटावर एकेक नाव घेत सोडत गेले. शेवटी तो राहिला. नावाशिवाय सोडायचं नाही हे तर पाठच होतं. लग्नात माझं नाव बदललं होतं. माहेरचं नाव तसंच पडून होतं, धुऊन घडी घातलेल्या परकरासारखं, कुणाच्या वापरात नव्हतं. ते मी त्या माशाला दिलं आणि हात मोकळा केला. ते नाव मी इथं लिहीत नाही. आता ते माझं राहिलेलं नाही.

पुढच्या वर्षी जाळ्यात तसले चार आले. मग पाटीभर. मग अर्धं जाळं. दौंडच्या बाजारात लोक त्याला चिलापी म्हणायला लागले, आणि नाव पडल्याबरोबर आमच्या रीतीप्रमाणं त्याला वाटाही आला. म्हणजे रोज सकाळी एक चिलापी आम्ही आपल्या हातानं डोहात सोडायला लागलो. ती दुसऱ्यांची अंडी खायची आणि स्वतःची पिल्लं तोंडात धरून वाढवायची. पुढं मिशीवाला मांगूर आला, त्यालाही नाव होतं, त्यालाही वाटा. तोवर पुण्याकडून येणाऱ्या पाण्याला फेस यायला लागला होता, आणि वाळूच्या ट्रकांनी डोहाचा तळ खरवडून नेला होता. हे सगळं मला माहीत आहे. तरी मांगुराच्या पोटात कानशीची पिल्लं सापडली की मला पोत्याच्या कडेचा तो मासा आठवायचा. मी कुणाला काही बोलले नाही.

सासू-सासरे गेले. एकदा घमेल्यात नुसती चिलापी होती. सवयीनं मी सगळी नावं घेतली. मरळ, शिवडा, शिंगटा, कानस, आंबळी. पाण्यात एकच मासा पडला. बाकीची नावं कुठं गेली, मला कळलं नाही. मी बराच वेळ तिथं उभी होते. पाणी हलत नव्हतं, पण पाण्यात कुणीतरी ऐकत असल्यासारखं वाटत होतं.

ह्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. ऑपरेशनला तयार होईनात. "जाळं हाताला कळतं," म्हणायचे. मग हातालाही कळेना. घाटावर दोनदा पाय घसरला तेव्हा घरी बसले. मुलगा कंपनीच्या शिफ्टला जायच्या आधी जाळं ओढायचा, मी घमेलं घेऊन जायचे, आणि परत आले की ओसरीवर बसलेले हे विचारायचे, "काय काय सोडलंस?"

पहिले काही महिने मी खरं सांगितलं. "चिलापी." "आज?" "चिलापी आन् मांगूर." ते मान हलवायचे आणि दिवसभर बोलायचे नाहीत. एकदा मला त्यांच्याकडं बघवेना. म्हटलं, "आज एक मरळ होती. बारकी. सोडली."

त्यांचं तोंड असं उजळलं की मी घाबरले.

मग काय. पंधरा दिवसांनी शिवडा आला. दिवाळीला कानस. त्यांची नजर जात गेली तशी माझी नदी सुधारत गेली. जेवायला ताटात चिलापीच असायची, पण त्याला उत्तर तयार होतं: चांगला मासा बाजारात जातो, कोळ्या-भोयाच्या घरात उरलेलंच शिजतं. हे त्यांना जन्मापासून माहीत होतं. खोट्याला पाय लावायचे तर ते खऱ्याचे लावावेत, एवढी अक्कल मला म्हातारपणी आली होती. फक्त वांब मी आणली नाही. का कुणास ठाऊक. जीभ तिथपर्यंत जायची आणि सासऱ्यांचा चेहरा आठवायचा.

मुलगा वैतागायचा. "आई, तू आबांना काय काय सांगतीस? नदीत एवढं मासं असतं तर मी कंपनीत कशाला गेलो असतो?"

"तू गप. डबा घेतलास का?"

मला वाटलं होतं, हे असंच चालेल आणि आम्ही दोघं असेच जाऊ. पण ह्यांनी पारावर सांगायला सुरुवात केली. "बघा, वाटा सोडत राहिलो. लोक हसत व्हते. आले का न्हाई माघारी?" पारावरच्या म्हाताऱ्यांना सगळं दिसत होतं. एकानंही तोंड उघडलं नाही. माणसं चांगली म्हणून, की गंमत बघायची म्हणून, मी विचारलं नाही.

आणि एक दिवस ते जेवताना म्हणाले, "डोळं करून घेतो मी. मेलो तर मरळ बघून मरंन."

लेक शिक्रापूरला हायवेला लागून भाड्याच्या खोलीत राहते. ऑपरेशन तिकडंच झालं आणि धूळ, पाणी चालणार नाही म्हणून आठ दिवस आम्ही तिच्याकडं राहिलो. धूळ टाळायला शिक्रापूर, म्हणजे बघा. ट्रक गेला की मांडणीवरची भांडी बोलायची. हे काळा गॉगल लावून गॅलरीत बसायचे आणि ट्रकांचे रंग मला सांगायचे, जणू मलाच दिसत नव्हतं.

आठ दिवस होते माझ्याकडं. पहिल्या दिवशी म्हटलं, दुखत असेल, नको. दुसऱ्या दिवशी जवळ जाऊन बसले, "अहो, एक सांगायचं होतं." ते म्हणाले, "थांब, तो निळा बघ, कसला लांबडाय." चौथ्या दिवशी लेकीनं बाजारातून बर्फातला रोहू आणला. ह्यांनी त्याचे डोळे बघितले आणि पोरीला म्हणाले, "हे मेलेलं काय खाती? घरी ये. आपल्या डोहातली मरळ घालतो तुला खाऊ." लेक माझ्याकडं बघायला लागली. मी कांदा चिरत होते, त्यामुळं डोळ्यांत पाणी होतं त्याचं कारण द्यावं लागलं नाही.

नवव्या दिवशी आम्ही घरी आलो आणि दहाव्या दिवशी सकाळी ते माझ्या आधी घाटावर जाऊन उभे.

जलपर्णी काठापर्यंत आली होती. तिला बाजूला सारून मुलानं जाळं ओढलं आणि पोत्यावर रिकामं केलं. माझ्याकडं न बघता म्हणाला, "आई, माझी गाडी चुकंल," आणि होडीत बसून पलीकडची जाळी बघायला गेला. तो तिकडं कशाला गेला ते मला कळत होतं.

हे पोत्याशेजारी बसले. गॉगल काढला. एकेक मासा उचलून बघायला लागले. चिलापी. चिलापी. मांगूर. चिलापी. मग तो नवा, अंगभर खडबडीत कवच असलेला, ज्याला पोरं हेलिकॉप्टर म्हणतात आणि कुणी खात नाही. तो त्यांनी बराच वेळ हातात धरला.

"मरळ आज आली न्हाई का?"

"कधीच आली न्हाई," मी म्हटलं.

ते वर बघेनात.

"शिवडा?"

"न्हाई."

"कानस? दिवाळीला म्हणालीस ती?"

"न्हाई."

शिंगटा. आंबळी. एकेक नाव घेऊन ते विचारत गेले, मी नाही म्हणत गेले. सोडताना घ्यायची तीच नावं. फक्त आज ती पाण्यात पडत नव्हती, माझ्या अंगावर पडत होती. मग ते थांबले.

"वांब तू कधीच सांगितली न्हाईस."

"तेवढी हिंमत झाली न्हाई."

"म्हणून तर मला बाकीचं खरं वाटलं," ते म्हणाले. "खोटं बोलणाऱ्यानं वांब आधी आणली असती."

मला वाटत होतं, त्यांना आतून माहीत असेल, नवराबायकोतला एक खेळ म्हणून चालू असेल. तसं नव्हतं. त्यांनी माझ्यावर खरोखरच विश्वास ठेवला होता. सगळी नदी त्यांच्या आत परत भरली होती आणि ती मी दहा मिनिटांत रिकामी केली.

मग मला थांबताच येईना. बुडत्या घरातलं सामान बाहेर फेकावं तसं मी सगळंच सांगून टाकलं. पोत्याच्या कडेचा तो मासा, पदर, घमेलं, घाट. "ह्या डोहात पहिली चिलापी मी सोडली. तुमचे मासे मी घालवले."

ते ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "एक?"

"एक."

"खालच्या धरणातनं लाखानं वर आल्या. तुझ्या एकीनं डोह भरला व्हय? लई मोठी समजतीस सवताला. आधीपासनंच."

चाळीस वर्षं सांभाळलेलं माझं पाप त्यांनी असं झटकून टाकलं. खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं आणि जरा अपमानही वाटला.

"नाव काय दिलंस तिला?"

मी सांगितलं.

"हे कुणाचं नाव?"

"माझं. लग्नाच्या आधीचं."

ते माझ्याकडं बघत राहिले. त्यांना ते आठवत नव्हतं, हे मला दिसत होतं. मग उठले. घमेलं मी रिकामंच घरी आणलं. त्या दिवशी डोहाचा वाटा पडला नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. भांडले असते तर बरं झालं असतं. ते घाटावर जाईनात, मला काही विचारीनात. पेपर वाचायचे, अगदी लग्नाच्या जाहिराती धरून. सकाळी मी चुलीपुढं बसले की तो प्रश्न यायची वेळ व्हायची आणि निघून जायची. ओसरीवर कुणीतरी बसून जावं आणि आपण पाणीही देऊ नये, तसं वाटायचं. मी तोंडातल्या तोंडात नावं घ्यायचे. घरात मासा नव्हता, डोहात नव्हता, आणि नावं मात्र माझ्या मागं मागं फिरत होती. मोरीत, परड्यात, पिठाच्या डब्यात हात घातला तरी.

परवा सकाळी मुलानं चार चिलापी आणून दिल्या. मी साफ करून तिखटमीठ लावून तेलात सोडल्या. ओसरीवर ह्यांनी पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला. मी डोकावले. चष्मा मांडीवर होता आणि डोळे मिटलेले.

"काय काय सोडलंस?" त्यांनी विचारलं.

"डोळे उघडा की. या आन् बघा."

"सांग."

मी झारा हातात धरून उभी राहिले. म्हटलं, "मरळ. शिवडा." झारा दुसऱ्या हातात घेतला. "शिंगटा. कानस. आंबळी."

ते तसेच बसून होते, डोळे मिटून, अजून काही यायचं असल्यासारखे. मी चुलीकडं बघितलं, भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोकडं बघितलं नाही, आणि म्हणाले, "वांब."

 ओसरीवरून ते म्हणाले, "वाटंत गाडी मिळाली असंल."

ते हसले का ते मला दिसलं नाही, कारण मीच तोंडाला पदर लावला होता.

"आन्..." असं म्हणून त्यांनी माझं नाव घेतलं. माहेरचं. लग्नाला पन्नासाहून जास्त वर्षं झाली, त्यांच्या तोंडून मी ते पहिल्यांदा ऐकलं. "ती ऱ्हायली की."

"ती कढईत हाय," मी म्हटलं, आणि उलटायला गेले.